निळ्या पेन्सिलीची आल्मा

माझी नणंद आल्मा क्रेफ्ट हिच्या तोंडून एकोणीस वर्षांत मी एक शिवी ऐकली नाही. दारात बोट चेमटलं तरी ती "अरेच्चा" म्हणायची, आणि मग कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघायची. आणि मी, येटे क्रेफ्ट, डान्झिगच्या मासळीबाजारात मासे विकते. माझं तोंड सुटलं की मोटलाऊ नदीच्या पल्याड ऐकू जातं, असं माझा नवरा बेनो चारचौघांत कौतुकानं सांगायचा. बेनो म्हणजे आल्माचा धाकटा भाऊ. मला सांगायचंय ते आल्माबद्दल, पण बेनोला वगळून ते सांगता यायचं नाही.

आल्मा तरुणपणी बेल्जियममध्ये एका कारखानदाराच्या घरी पोरं सांभाळायला होती. तिथून फ्रेंच शिकून आली, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आणि पेत्सोल्ट वकिलांच्या कचेरीत टंकलेखन करायला लागली. मोठ्या युद्धानंतर आमचं गाव ना जर्मनीचं राहिलं ना पोलंडचं झालं. त्याला मुक्त शहर म्हणायचं ठरलं आणि राष्ट्रसंघानं आपल्या पदराखाली घेतलं. संघाचा एक परदेशी साहेब इथेच बंगल्यात राहायला. आमच्या सरकारनं आमच्याच घटनेवर पाय दिला तर त्या साहेबाकडे अर्ज करायचा, अशी सोय. तेहतीस साली नाझी निवडून आले आणि पेत्सोल्ट वकिलांच्या जिन्यात अर्जदारांची रीघ लागली. लोक जर्मनमध्ये सांगायचे, आल्मा फ्रेंचमध्ये उतरवायची.

उतरवायच्या आधी ती निळी पेन्सिल हातात घ्यायची. अर्जात रागाचा शब्द दिसला की तो अर्ज राजकारणाचा ठरतो आणि बाजूला पडतो, असं पेत्सोल्ट वकिलांचं ठाम मत होतं. साहेबापुढे भांडखोर माणूस उभा करू नका, दुःखी माणूस उभा करा, असं ते सगळ्यांना बजावायचे. मग आल्मा "गुंड" खोडून "काही तरुण" लिहायची. "झोडपलं"चं "गैरवर्तन" व्हायचं. होलात्स नावाच्या बेकरीवाल्याची काच फोडली आणि त्याचे चार दात पाडले, त्याचा अर्ज तयार झाला तेव्हा त्यात "धंद्यात अडथळा व व्यक्तिशः गैरसोय" असं होतं. होलात्सनं विचारलं, बाई, माझे दात कुठे गेले? आल्मा म्हणाली, गैरसोयीत आले.

मी तिला खूप चिडवायचे. "तू अर्जाचे काटे काढतेस गं," मी म्हणायचे, "पण काटे काढलेला मासा पोहत नाही." ती हसायची आणि पेन्सिलीला टोक करायची. पण खरं सांगायचं तर होलात्सच्या अर्जाला उत्तर आलं होतं. बंगल्यातून पोलिसांकडे विचारणा गेली, आणि पुढचे सहा महिने त्याच्या दुकानाकडे कुणी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. तेव्हा आल्माच्या पेन्सिलीवर माझाही विश्वास होता. हे मी लपवणार नाही.

छत्तीसच्या ऑक्टोबरमध्ये आमच्या सरकारनं सोशल डेमोक्रॅट पक्षावर बंदी घातली. बेनो त्या पक्षातला. पुढारी वगैरे नव्हे. बंदरात क्रेनला वंगण घालायचा आणि सुट्टीच्या दिवशी पक्षाचं वर्तमानपत्र घरोघर टाकायचा. बंदी आल्यावरही शिल्लक गठ्ठा त्यानं टाकलाच. छापलेला कागद फुकट घालवायचा नाही, असं त्याचं म्हणणं. असला चिवट गाढव मी दुसरा पाहिला नाही.

एकवीस तारखेला दुपारी आम्ही वाटाण्याचं सूप घेत होतो तेव्हा हवालदार त्सील्के दोन तपकिरी शर्टवाल्या नाझींना घेऊन आला. हा त्सील्के दर शुक्रवारी माझ्याकडून धुरावलेले मासे न्यायचा, आणि मी त्याला दोन जास्त घालायचे. त्यानं खिशातून कागद काढून वाचला. बेनो क्रेफ्ट याला संरक्षण-कोठडीत घेण्यात येत आहे.

"संरक्षण? कुणापासून?" मी विचारलं.

"लोकांच्या रागापासून, बाई," त्सील्के माझ्याकडे न बघता म्हणाला. "लोक फार चिडलेत त्याच्यावर."

मी खिडकीतून खाली पाहिलं. रस्त्यात कुत्रंसुद्धा नव्हतं. बेनोनं चमचा पुसला, सुपाच्या वाटीवर झाकण ठेवलं, आणि मी आल्यावर खाईन म्हणाला. जिन्यातून खाली जाईपर्यंत मी त्या तिघांना माझ्याकडचं सगळं ऐकवलं. कॉडडोक्या ही आमच्या बाजारातली सगळ्यात सभ्य शिवी, तिथून मी सुरुवात केली.

दर मंगळवारी तुरुंगाच्या फाटकाशी बायकांना कपडे बदलून मिळायचे. आपण धुतलेले द्यायचे, ते मळलेले द्यायचे. भेट नाही, चिठ्ठी नाही. पहिल्याच मंगळवारी बेनोचा शर्ट आला तो पाठीवर रक्तानं आडवा चिकटून वाळलेला होता. सहा पट्टे मोजले मी. बाजारात रोज माशाचं रक्त बघते मी, पण तो शर्ट हातात घेऊन मला फाटकाशीच खाली बसावं लागलं.

तशीच उठून आल्माकडे गेले. ती कचेरीत एकटीच होती. मी उभ्या उभ्या अर्ज सांगितला: माझ्या नवऱ्याला विनाकारण धरून नेलंय, तिथे त्याला चाबकानं मारतायत, तो मरायच्या आधी त्याला बाहेर काढा. एवढंच. आल्मानं तो शब्दन् शब्द उतरवून घेतला. भाऊ तिचाच. त्याला तिनं काखेत घेऊन वाढवलेलं. लिहून झाल्यावर तिनं निळी पेन्सिल उचलली.

मी म्हटलं, आल्मा, ह्या वेळी नको. ती म्हणाली, येटे, ह्याच वेळी चूक करून चालणार नाही. चाबूक लिहिला तर पुरावा मागतील, पोलिसांवर आरोप केला म्हणतील, अर्ज बाजूला पडेल आणि बेनो आत राहील. मी सांगेन तसं केलंस तर होलात्सचं झालं तसं आपलंही होईल. अर्धा तास आमची हुज्जत चालली. शेवटी मी हो म्हटलं. माझ्या तोंडानं हो म्हटलं आणि खाली सही केली. फ्रेंच मला ओ की ठो कळत नाही. काय लिहिलंय हे मी विचारलंही नाही.

मग वाट बघणं. नोव्हेंबर उजाडला. बाजारात माझ्या ठेल्याभोवतीची गर्दी ओसरली, कारण हात वर करून सलाम करायचा म्हणजे मला हातातला मासा खाली ठेवावा लागला असता, आणि मी तो ठेवत नव्हते. पेत्सोल्ट वकिलांच्या पाटीवर कुणीतरी डांबर फासलं. रस्तोरस्ती नाझींचे वाकड्या क्रूसाचे झेंडे इतके झाले की आमच्या गल्लीत दुपारीही अंधारून यायचं. तरी मी रोज आल्माला विचारायचे, आलं का? मंगळवारचे शर्ट येत होते. एकदा स्वच्छ आला आणि मला वाटलं, बघा, अर्ज पोचला. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच.

नोव्हेंबरच्या मध्यावर उत्तर आलं. आल्मानं ते वाचलं, घडी घातली, आणि प्रकरण विचारात आहे म्हणाली. तिचा चेहरा मी ओळखते. पोटात दुखत असलं की ती कानामागे केस सारते. तशी ती सारखी केस सारत होती. ती चहाचं बघायला गेली तेवढ्यात मी पत्र एप्रनच्या खिशात टाकलं. चोरी म्हणा हवं तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रान्सातल्या दंकर्कच्या बोटीवरचा स्वयंपाकी ओनोरे बाजारात आला. तो बोट लागली की माझ्याचकडून बाम मासा घ्यायचा आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये माझी टिंगल करायचा. मी त्याच्यापुढे पत्र धरलं. त्यानं हात पुसले, ओठ हलवत वाचलं, आणि त्याचा चेहरा खुलला.

"चांगली बातमी आहे, बाई," तो म्हणाला. "तुझा नवरा सुखरूप आहे. पोलिसांच्या संरक्षणात आहे, असं तूच कळवलंयस ना? साहेबानं नोंद घेतली. तुझी काळजी आता कमी झाली असेल, असं लिहिलंय. अभिनंदन."

त्यानं माझा हात हातात घेऊन हलवला. माझ्या हाताला खवले लागलेले, तेही त्यानं मनावर घेतलं नाही. मी त्याला बाम बांधून दिला. काय बोलले आठवत नाही. ठेला शेजारणीवर टाकला आणि कचेरीपर्यंत पळत गेले.

आल्मा दारातच उभी होती. पत्र नाहीसं झालेलं तिला कळलं होतं. मी विचारलं, काय लिहिलंस तू? तिनं कपाटातून अर्जाची प्रत काढली आणि मला जर्मनमध्ये वाचून दाखवली. "अर्जदार नम्रपणे कळवते की तिचे पती एकवीस ऑक्टोबरपासून पोलिसांच्या संरक्षणात असून त्यांच्या प्रकृतीबाबत कुटुंबास काळजी वाटते."

आमच्या जर्मनमध्ये तो एकच शब्द आहे, संरक्षण आणि कोठडी एकत्र सांधलेला. इथे शेंबड्या पोरालाही त्याचा अर्थ कळतो. कुणी तो उच्चारला की बायका पदार्थ चुलीवर सोडून दारात येतात. आल्मानं त्या शब्दातली कोठडी काढली, कारण ती कानाला टोचत होती. संरक्षण तेवढं ठेवलं. इथल्या माणसाला तेवढ्यानंही कळलं असतं. साहेब इथला नव्हता.

"त्याची काय चूक?" आल्मा म्हणाली. "मी लिहिलं तेच त्यानं वाचलं."

मग मी जे बोलले ते सांगण्यासारखं नाही. तीन वर्षं गावाच्या जखमा तू पावडर लावून पाठवल्यास, म्हणाले. तुझ्या सभ्यपणाच्या तिरडीवर माझा नवरा चाललाय, म्हणाले. ती खुर्चीत बसून ऐकत राहिली. माझा दम संपल्यावर अगदी हळू आवाजात तिनं विचारलं.

"येटे, तो पहिला शर्ट कुठाय?"

 तो शर्ट मी धुतला होता. थंड पाण्यात मीठ घालून दोनदा धुतला, निळीतून काढला, इस्त्री केली, आणि पुढच्या मंगळवारी बेनोला आत पाठवला. मळका शर्ट घरात ठेवायचा नाही, आणि नवऱ्याला डागाचा शर्ट द्यायचा नाही, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं. पुढचेही सगळे धुतले. पुरावा मागतील असं आल्मा म्हणाली होती, तेव्हा पुरावा माझ्या हातातल्या गाठोड्यात होता, आणि घरी जाऊन मी तो बादलीत भिजत घातला.

आम्ही दोघी तिथेच बसून रडलो. मग आल्मानं कोरा कागद घेतला. ह्या वेळी मी सांगेन तसंच लिहायचं ठरलं. पण तिला ते जमेना. चाबकाला फ्रेंचमध्ये काय म्हणतात हे ती विसरली होती. बेल्जियममध्ये पोरांना अंगाईगीतं म्हणायची, पुढे इतकी वर्षं गैरसोय आणि अडथळा लिहिलेला. मारहाणीचे शब्द तिच्याजवळ नव्हतेच. ती शब्दकोशात एकेक शोधत बसली, मी शेजारी बसून सांगत राहिले. पाठ. पट्टे. रक्त. कोठडी. कागद चार वेळा फाडला. शनिवारी दुपारी अर्ज पुरा झाला तेव्हा बंगला बंद झालेला. सोमवारी सकाळी आम्ही दोघी हातात हात घालून गेलो आणि स्वतः देऊन आलो. दारासमोर एक माणूस उभा राहून कोण आत जातं ते टिपत होता. आल्मानं त्याला आपणहून स्वतःचं नाव सांगितलं, वर आडनावाची अक्षरंही सांगितली.

घरी आलो तर त्सील्के जिन्यात उभा होता. त्याच्या हातात कपड्यांचं गाठोडं होतं आणि तो दिवस मंगळवारचा नव्हता.

हृदय बंद पडलं, असं त्यांच्या कागदावर आहे. रविवारी पहाटे. पेटी बंद करून दिली आणि उघडायची नाही म्हणून आमच्याकडून लिहून घेतलं. गाठोड्यातला शर्ट त्यांनी तिकडेच धुतलेला होता. आल्मानं तो नाकाशी धरला आणि आमचा साबण नाही म्हणाली. सुपाची ती वाटी बेनोला नेलं त्याच दिवशी घासून पुन्हा झाकून ठेवलेली, आणि तिच्यावरचं झाकण मी तोवर काढलं नव्हतं. ते मी त्या दिवशी काढलं.

पेत्सोल्ट वकील नाताळच्या आधी बायकोमुलांसह पोलंडला निघून गेले. कचेरीला कुलूप लागलं. आल्मा माझ्याकडे राहायला आली आणि ठेल्यावर बसायला लागली. मासे साफ करणं तिला जमेना. ती खवले एकेक करून काढायची, गिऱ्हाईक कंटाळून निघून जायचं. मी तिच्यावर खेकसायचे आणि मग मला वाईट वाटायचं. तिनं मला कधी उलट उत्तर दिलं नाही. रात्रीचं जेवण झालं की ती भिंतीकडे तोंड करून निजायची. मी तिला माफ केलं होतं का? काही दिवस केलं होतं, काही दिवस नाही. स्वतःलाही तसंच.

जुना साहेब गेला, नवा आला. सदतीसच्या एप्रिलमध्ये आमच्या दुसऱ्या अर्जाला उत्तर आलं. आल्मानं ते मला जेवणाच्या टेबलाशी वाचून दाखवलं. पत्र चांगलं होतं, खरंच चांगलं होतं. असं काही घडत असेल तर ते गंभीर आहे, सिनेटकडे, म्हणजे आमच्या सरकारकडे, विचारणा करण्यात येईल, तरी आपल्या पतीच्या सध्याच्या परिस्थितीची माहिती कळवावी, असं होतं.

"काय कळवू?" आल्मानं विचारलं.

"लिही," मी म्हटलं, "आता पूर्ण संरक्षणात आहे. सहा फूट मातीखाली. कुणी केसाला धक्का लावू शकत नाही."

ती हसली नाही. तिनं कागद घेतला आणि शब्दकोश न उघडता एक ओळ लिहिली. मग मला जर्मनमध्ये सांगितली: त्याला मारून टाकलं. "निधन" नाही, "दुःखद घटना" नाही. खाली माझ्या सहीसाठी जागा सोडली नाही. स्वतःची सही केली, पूर्ण नाव, आणि आमचा पत्ता. तीन वर्षांत शेकडो अर्ज तिनं लिहिले, पण स्वतःचं नाव कुठे घातलं नव्हतं. म्हटलं, आल्मा, तुझं डोकं फिरलंय का? ती म्हणाली, येटे, मला एकदा तरी नीट भाषांतर करू दे. दुसऱ्या दिवशी ती एकटी जाऊन पत्र देऊन आली. दारावरच्या माणसानं पुन्हा नाव लिहून घेतलं.

मे महिन्यात त्सील्के आला. ह्या वेळी तो कागद वाचत असताना आल्मानं मध्येच त्याला थांबवलं आणि म्हणाली, हवालदारसाहेब, तो शब्द पूर्ण म्हणा, अर्धा गिळू नका. त्यानं पूर्ण म्हटला. जाताना तिनं निळी पेन्सिल माझ्या एप्रनच्या खिशात टाकली. मी ह्या वेळी शिव्या दिल्या नाहीत. 

आता सप्टेंबर आहे. आल्मा एकावन्न वर्षांची आहे, तिला थंडी सोसत नाही आणि तिथे स्टोव्ह नाही असं सुटून आलेली बाई सांगत होती. ह्या गावात अर्ज लिहून देणारं आता कुणी उरलं नाही. फ्रेंच मला येत नाही आणि जर्मनही मी धड लिहीत नाही. सहावीत शाळा सोडून ठेल्यावर बसले. तरी काल बसून एक कागद केला. त्यावर तीनच शब्द आहेत: आल्मा क्रेफ्टला सोडा. जर्मनमध्येच, आणि त्याच निळ्या पेन्सिलीनं. ओनोरेची बोट आली असती तर त्याच्याकडून उतरवून घेतलं असतं, पण त्यांच्या बोटी हल्ली इकडे येत नाहीत. बंगल्याच्या दारासमोर आता दोघं उभे असतात.

ह्या मंगळवारी फाटकाशी तिचा ब्लाउज मिळाला. शेजारीण म्हणाली, दे इकडे, माझ्याकडे पाणी तापलंय. मी दिला नाही. कागद आणि ब्लाउज मासळीच्या टोपलीत एकत्र ठेवलेत आणि उद्या सकाळी घेऊन जाणार आहे. ब्लाउज मी धुतलेला नाही.